थोरले गोवे : जुवारीकाठचे एक जुने बंदर आणि त्याचा धर्मादाय

गोव्यात ‘जुने गोवे’ या एकाच अर्थाची दोन ठिकाणे आहेत. एक मांडवीच्या काठी, पणजीच्या पूर्वेस. मोठमोठ्या चर्चमुळे ते जगप्रसिद्ध झाले असून पोर्तुगीज त्यास ‘वेल्हा गोवा’ म्हणत. दुसरे जुवारीच्या काठी, पणजीहून मडगावच्या रस्त्याने सुमारे दहा-अकरा किलोमीटरांवर. त्याचे नाव ‘गोवा वेल्हा’. शब्द तेच, क्रम तेवढा उलटा. साहजिकच पाहुण्यांची तर गल्लत होतेच, पण गोव्यात जन्मलेली शाळकरी मुलेही परीक्षेत एकाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर लिहून येतात. आमच्या वर्गात हे दरवर्षी घडते.

गावच्या बोलीत मात्र हा घोटाळा नाही. कोकणीत जुवारीकाठच्या या गावाला ‘थोरलें गोंय’ म्हणतात. थोरले म्हणजे वयाने वडील. १५१० साली पोर्तुगीज आले तेव्हाच हे शहर मोडून जुने झाले होते, म्हणून त्यांनी त्यास ‘वेल्हा’ म्हटले. पुढे त्यांचे स्वतःचे मांडवीकाठचे शहर रोगराईने ओस पडले, १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीकडे हलविला, १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली आणि मग तेही ‘वेल्हा’ झाले. थोरल्या भावाच्या मागोमाग धाकटाही म्हातारा व्हावा, तशी ही गोष्ट आहे.

संस्थेच्या या महोत्सवी अंकासाठी आम्ही या लहानशा गावाचा विषय मुद्दाम घेतला आहे. गावात पाहण्याजोगे अवशेष थोडे आहेत. परंतु सुमारे पावणेदहाशे वर्षांपूर्वी येथे एका धर्मादाय कामासाठी उत्पन्न नेमून दिले गेले आणि ती गोष्ट तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवली गेली. ते उत्पन्न पुढे का आटले, आणि त्याच परिसरातील दुसरे एक सार्वजनिक काम मात्र अजून का उभे आहे, हे समजून घेणे आपल्यासारख्या संस्थेच्या सभासदांस उपयोगाचे होईल, असे आम्हांस वाटते.

जागेचे महत्त्व

जुवारीचे मुख फार रुंद आहे. जुन्या ग्रंथांत या नदीस अघनाशिनी म्हटले आहे. समुद्रातून आत शिरल्यावर उत्तर तीरावर, शिरदोणच्या पलीकडे आणि आगशीच्या अलीकडे हे गाव वसले आहे. मागे पिलारची टेकडी आणि समोर खाडीचे पसरलेले पाणी. भरतीबरोबर गलबत आत घ्यावे आणि ओहोटीबरोबर बाहेर काढावे, अशी ही सोय. शिवाय कुंभारजुव्याच्या खाडीने जुवारी व मांडवी या दोन्ही नद्या आतल्या बाजूने जोडलेल्या असल्यामुळे लहान होड्यांना समुद्रात न जाताही एका नदीतून दुसरीत जाता येते. ज्या काळी गाडीरस्ते थोडे होते, त्या काळी नदी हाच राजमार्ग होता. घाटाकडचा माल नदीने खाली यावा, दूरदेशचा माल समुद्राने वर यावा आणि दोहोंची गाठ येथे पडावी, अशी ही जागा होती.

कदंबांची राजधानी

गोव्याचे कदंब राजे आरंभी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, येथून राज्य करीत. चांदर हे कुशावती नदीवर, समुद्रापासून बरेच आत आहे. राज्य वाढले, समुद्रावरील व्यापाराची गोडी लागली आणि अकराव्या शतकाच्या मध्यास राजधानी जुवारीच्या काठी या बंदरात आली. लेखांतून त्याचे नाव गोपकपट्टण किंवा गोपकपुरी असे येते. ‘पट्टण’ या शब्दातच बंदराचा अर्थ आहे.

पहिला जयकेशी हा या वैभवकाळचा प्रमुख राजा. त्याची कन्या मयणल्लदेवी गुजरातेतील चौलुक्य राजा कर्ण यास दिली होती. गुजरातेत ती मीनळदेवी म्हणून प्रसिद्ध आहे आणि सिद्धराज जयसिंह हा तिचा पुत्र. सोमनाथाच्या यात्रेकरूंवर घेतला जाणारा कर आईच्या सांगण्यावरून सिद्धराजाने माफ केला, अशी कथा गुजरातच्या जुन्या प्रबंधांत आहे. कथेत ऐतिहासिक अंश किती, हे विद्वानांनी ठरवावे. पण कराचा पैसा कोणाकडून घ्यावा आणि कोणासाठी खर्च करावा, हा विचार तिच्या माहेरीही होता, याचा भक्कम पुरावा आपल्याजवळ आहे. तो म्हणजे तिच्या पित्याचा ताम्रपट.

१०५३ सालचा ताम्रपट

हा लेख इसवी सन १०५३ चा आहे. त्याची हकीकत अशी. जयकेशीचा एक पूर्वज गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. तेव्हा त्याने गोपकाच्या बंदरात आश्रय घेतला. तेथे एका धनाढ्य सागरी व्यापाऱ्याने त्यास मोठे साहाय्य केले. त्या व्यापाऱ्याचे नाव लेखात ‘मदुमद’ असे येते. हे महंमद या नावाचे तत्कालीन रूप होय. त्याचे कूळ ‘ताजिक’ म्हणून सांगितले आहे. त्या काळच्या लेखांत अरबांना हाच शब्द लावीत.

राजघराण्याने हा उपकार स्मरणात ठेवला. पुढे जयकेशीच्या कारकिर्दीत या मदुमदाचा नातू छडम हा राज्याचा मोठा अधिकारी झाला. त्याने गोपकपट्टणात एक मशीद बांधली. लेखात तिला ‘मिजिगिति’ म्हटले आहे. अरबी ‘मस्जिद’ हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर व्यवहारात घोळून घोळून असा झाला. या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या लहानमोठ्या जहाजांवर कर घेण्याचा हक्क राजाने छडमास दिला. ज्या देशांची जहाजे येथे लागत, त्यांत सिंहल, पांड्य, केरळ, गुर्जर, सौराष्ट्र अशी नावे आढळतात. एवढ्या यादीवरून बंदराचा पसारा ध्यानात येतो.

या लेखातील तीन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली, देणारा राजा शिवभक्त होता आणि देणगी मशिदीस होती. दुसरी, उत्पन्नाचे साधन स्पष्ट लिहिले होते. ‘जमेल तसे देऊ’ असा मोघम कारभार नव्हता. तिसरी, पैसा बंदराचा होता आणि तो बंदरावर येणाऱ्यांच्याच उपयोगी पडावयाचा होता. महिनोन्‌महिने समुद्रावर राहिलेल्या माणसास परक्या गावी नमाजाची जागा, वजूसाठी पाणी आणि दोन ओळखीची माणसे मिळणे म्हणजे काय, हे ज्यांची माणसे आखातात किंवा आगबोटींवर नोकरीस आहेत त्या घरांस सांगावयास नको.

किनाऱ्यावरील आणखी दोन लेख

ही गोष्ट एकट्या गोव्याचीच असे कोणी समजू नये. ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आजच्या पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे राष्ट्रकूटांचा ९२६ सालचा ताम्रपट सापडला आहे. त्या वेळी संजाणच्या प्रदेशावर मधुमती नावाचा अधिकारी होता. हाही ताजिक, आणि हेही महंमद या नावाचेच रूप. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातले. तेथे भात, कालवण आणि तूप मिळे, असे लेखात नमूद आहे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवीची मठिका स्थापन केली, तेव्हा तिच्या खर्चासाठी सम्राटाच्या संमतीने गाव व जमीन नेमून देणाराही हाच मधुमती होता. संजाणास मुसलमान अधिकाऱ्याने देवीच्या मठास दिले आणि गोपकपट्टणात शिवभक्त राजाने मशिदीस दिले. दोन्ही लेख समोरासमोर ठेवले म्हणजे आपल्या किनाऱ्याची रीत कळते.

तिसरा लेख सौराष्ट्रातील वेरावळचा, १२६४ सालचा. होर्मुझचा जहाजमालक नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथपाटण येथे स्थानिक प्रमुखांच्या साहाय्याने जागा मिळवून मशीद बांधली. लेख संस्कृतात आणि अरबीत असा दोन्ही भाषांत आहे आणि संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी व सिंह अशा चार शकांत काळ दिला आहे. वाचणारा कोणत्याही समाजाचा असो, त्यास तारीख समजावी! येथे एक व्यवस्था फार शहाणपणाची केली होती. खर्चासाठी दुकाने आणि तेलाचा घाणा अशी निरनिराळी उत्पन्ने लावून दिली. देखरेख एका घराण्याकडे न ठेवता जहाजवाले, तेली, चुन्याचे काम करणारे अशा निरनिराळ्या जमातींवर सोपविली. खर्च भागून उरेल ते मक्का व मदिना येथे पाठवावे, असेही लिहून ठेवले. उत्पन्नाची साधने अनेक आणि सांभाळणारेही अनेक, हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बंदर का मावळले?

गोपकपट्टणचे वैभव फार काळ टिकले नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, प्रथम खिलजींच्या व नंतर तुघलकांच्या. त्या धामधुमीत कदंबांची सत्ता मोडली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ ते १३४४ च्या सुमारास येथे येऊन गेला. अरब खलाशी गोव्यास ‘संदाबूर’ म्हणत. छत्तीस गावांचे हे बेट आणि त्यावरील दोन शहरे, एक जुने व एक मुसलमानांनी वसविलेले, असे वर्णन त्याने केले आहे. नव्या शहरातील मोठ्या मशिदीस तो बगदादच्या मशिदींची उपमा देतो. ती हसन नावाच्या नाखव्याने, म्हणजे जहाजाच्या मालकाने, बांधली होती. होनावरचा सुलतान जमालुद्दीन हा या हसनचाच मुलगा. तीनशे वर्षांनंतरही किनाऱ्यावरचा धर्मादाय समुद्रावरच्या माणसांच्याच कमाईतून चालला होता, असे यावरून दिसते.

त्यानंतर विजयनगर आणि बहामनी यांच्यात गोव्यासाठी झगडा सुरू झाला. १४७२ साली महमूद गावानने गोवे बहामनी राज्यास जोडले. तोवर व्यापाराचे ठाणे मांडवीच्या काठी एळा येथे सरकू लागले होते. राज्यक्रांतीच्या जोडीला निसर्गानेही हात दिला. जुवारीच्या या काठावर गाळ साचत गेला आणि मोठ्या जहाजांना धक्क्याशी लागणे कठीण झाले. लढाईने पडलेला कोट पुन्हा बांधता येतो. गाळाने भरलेले बंदर परत मिळविणे त्या काळी कोणाच्याच हाती नव्हते. आदिलशाहीत एळ्याची भरभराट झाली आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतले तेही एळ्याचेच शहर. थोरले गोवे मागे राहिले. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या आगबोटींसाठी बंदर हवे झाले, तेव्हा दर्यावर्दी पुन्हा जुवारीकडेच वळले. पण गाळापासून दूर, थेट नदीच्या मुखाशी, मुरगावास.

बंदर गेले तेव्हा जहाजांचा करही गेला. ज्या मशिदीचा खर्च त्या एकाच उत्पन्नावर होता, तिची जागा आज कोणासही बोट करून दाखविता येत नाही. दात्याच्या मनात खोट नव्हती आणि राजाच्या शब्दातही नव्हती. परंतु झऱ्याचे तोंडच एक होते. ते बुजले आणि खालचे सारे कोरडे पडले.

बांध आणि मानस

आता याच परिसरातील दुसऱ्या वारशाकडे वळू. नदीकाठाने चालत गेले म्हणजे खारे पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचे व जांभ्या दगडाचे लांबच लांब बांध दिसतात. या सखल जमिनींना खाजन म्हणतात. गोव्यात मिळून अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर आहे. भरतीच्या वेळी पाण्याची पातळी शेतापेक्षा वर असते. मध्ये बांध नसेल तर एका भरतीत खारे पाणी शेतात शिरून जमीन नासून जाईल.

बांधात जागोजाग लाकडी झडपांचे दरवाजे बसविलेले असतात. त्यांस ‘मानस’ म्हणतात. याची रचना मोठी चतुराईची आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की झडप आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातील पावसाचे जादा पाणी नदीत जाते. इंजिन नाही की वीज नाही. भरती-ओहोटीच येथे राखणदार आहे. आत कोरगुटसारखे खारे सोसणारे भात होते, मानशीजवळ मासळी मिळते आणि कोठे कोठे मिठागरेही आहेत.

हे सारे कोणी राजाने बांधून दिलेले नाही. ते गावकरीने, म्हणजे गावच्या जमिनीच्या सामाईक संस्थेने, उभारले व सांभाळले. तिसवाडीतील या गावकऱ्यांच्या चालीरीती पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ साली लिहून काढल्या, आणि त्या वेळीही लोक त्यांस पूर्वापार म्हणत होते. उत्पन्नातून आधी बांध, मानस आणि गावचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते भागीदारांस ‘जोण’ म्हणून वाटावयाचे, अशी रीत होती. आधी देखभाल, मग वाटणी. हा क्रम ज्या गावाने मोडला नाही, त्या गावचा बांध राजे बदलले, धर्म बदलले, तरी उभा राहिला.

अलीकडे मात्र या बांधांनाही धोका आहे. १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते न्यायाचेच झाले. बांधांची जबाबदारीही गावकरीकडून कुळांच्या संघांकडे आली. परंतु शेती सोडून मुले नोकरीस गेली, मजुरी वाढली आणि ‘बांध कोणाचा?’ या प्रश्नाला ‘दुसऱ्याचा’ असे उत्तर सगळीकडून येऊ लागले. भगदाड पडण्यास एक रात्र पुरते. नासलेली जमीन गोडी होण्यास पावसाळ्यामागून पावसाळे लागतात. काही ठिकाणी मासळीच्या लोभाने खारे पाणी जाणूनबुजून आत घेतले जाते, तेव्हा नुकसान एकट्या मालकाचे होत नाही, शेजारच्या सगळ्यांचे होते.

आज काय पाहावे?

गावास जाणाऱ्याने ओहोटीची वेळ पाहून जावे. पाणी उतरले म्हणजे काठावर जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी भिंत दिसते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुमारे किलोमीटरभर लांबीच्या या बांधकामाची पाहणी केली असून ते कदंबकालीन बंदराचे मानले जाते. भरती आली की ती भिंत पुन्हा झाकली जाते.

टेकडीवर पिलारचा मठ आहे. तो फ्रान्सिस्कन पंथाच्या कापुशाद साधूंनी १६१३ मध्ये स्थापिला. तेथील संग्रहालयात कदंबकाळच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. १९२७ साली दिवंगत झालेले पाद्री आञेल यांची समाधी येथेच असून तिच्या दर्शनास सर्व धर्मांचे लोक येतात. उपवासकाळातील पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गावातून संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. अशी मिरवणूक रोमखेरीज येथेच निघते, अशी गावची ख्याती आहे. पूर्वी आगशीहून कुठ्ठाळीस जावयाचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागे. १९८३ मध्ये पूल झाला आणि २०२२-२३ मध्ये त्याच्या शेजारी दोरखंडांचा भव्य नवा पूल उभा राहिला. त्यावरून जाणाऱ्या कदंब महामंडळाच्या बसवर सिंहाचे चिन्ह असते. हाच सिंह गोपकपट्टणच्या राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर होता. बसमधील किती उतारूंना हे ठाऊक असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपणांस काय घ्यावयाचे?

एकाच गावच्या शिवारात दोन प्रकारचे सार्वजनिक काम झाले. एक राजाच्या औदार्याने व एका मोठ्या उत्पन्नावर चालले. त्याचा आज केवळ लेख उरला आहे. दुसरे पुष्कळ लहान हातांनी दरवर्षी थोडथोडे करून चालविले. ते अजून भाताला राखत आहे. वेरावळच्या नूरुद्दीनाने दोन्हींतील चांगले ते घेतले होते : दान मोठे, पण उत्पन्ने अनेक, सांभाळणारेही अनेक आणि सारे लिहून ठेवलेले.

आपल्या संस्थेसही हाच मार्ग हिताचा आहे. मोठ्या दात्याची देणगी आदराने घ्यावी. पण संस्थेचा नित्य खर्च सभासदांच्या लहान वर्गणीवर चालेल, अशी शिस्त ठेवावी. ज्या घरातून दरसाल थोडी रक्कम येते, त्या घरातील मुलांना संस्था आपली वाटते. जमाखर्च असा लिहावा की, शंभर वर्षांनी वाचणाऱ्यालाही पैसा कोठून आला व कोठे गेला हे कळावे. आणि उत्पन्नातून प्रथम इमारत, विहीर, शिष्यवृत्ती यांची तरतूद करून मगच समारंभाकडे पाहावे. गावकरीचा हा जुना क्रम आपणही मोडू नये.

याखेरीज दोन कामे सभासद कुटुंबांस या वर्षी करता येतील. घरोघरी ट्रंकांत पडलेले जुने कागद, मग ते वक्फनामे असोत, सनदा असोत की पोर्तुगीज काळातील दाखले, त्यांच्या नकला करून संस्थेच्या कपाटात ठेवाव्यात. वाळवीच्या तोंडी गेलेला कागद पुन्हा लिहिता येत नाही. दुसरे, मुलांना एकदा ओहोटीच्या वेळी थोरल्या गोव्याच्या काठावर न्यावे आणि तेथून येताना एखादा बांध व त्याची मानसही दाखवावी. भिंतीचा दगड मात्र आठवण म्हणून कोणी उचलून आणू नये. तो तेथेच राहिला तर उद्याच्या मुलांना दिसेल.

इस्लाममध्ये ‘सदका जारिया’ अशी एक सुंदर कल्पना आहे : देणाऱ्याच्या पश्चातही ज्याचा लाभ लोकांस मिळत राहतो असे दान. ते चालू ठेवण्याचे काम मागे राहणाऱ्यांचे असते. ज्यांनी आपली संस्था स्थापिली त्यांनी आपल्या वाटचे दिले. बांधावर माती टाकण्याची पाळी आता आपली आहे. ती पाळी आपण सर्वांनी मिळून पार पाडावी आणि पुढील महोत्सवाचा अंक आपल्या मुलांनी याहून सरस काढावा, हीच परमेश्वरापाशी प्रार्थना.